आईचे व्हिडिओ कुठे ठेवायचे

स्ट्रोकनंतर आईकडे एकच शब्द उरला होता, सरी. कानडीत सरी म्हणजे बरं, ठीक आहे. भूक लागली की सरी, राग आला की सरी, अंथरूण ओलं झालं तरी सरीच. जिच्या बोलण्यापुढे मल्लेश्वरमच्या भाजीवाल्यांनी हात टेकले होते, जी फाटकात गप्पा मारत उभी राहिली की आत कुकर शिट्ट्या मारून थकायचा, ती बाई उशीला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघत सरी, सरी करत रडायची. मीही रडायचे. पण न्हाणीघरात, नळ सोडून.

मी शाळेत हिंदी शिकवते. म्हणून मला ही अक्षरं लिहिता येतात. आमच्या बाकीच्या घराण्याला येत नाहीत. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी, किती पिढ्यांचे ते कुणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी बोलतो, पण शाळा सगळ्यांची कानडी, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आली तर कानडी अक्षरांत लिहितो. लग्नाच्या याद्यासुद्धा. आईला तर देवनागरी म्हणजे काळ्या मुंग्यांची रांग. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं. यामुळे आणि माझ्या खोटेपणामुळे.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. चांगल्या होत्या, पण सदा घाईत. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं की हेच महिने महत्त्वाचे आहेत, पुढे सगळं कठीण होत जातं. लहानपणची भाषा हवी, ओळखीचा आवाज हवा, ओठ जवळून दिसायला हवेत आणि हे दिवसातून दहा-दहा वेळा व्हायला हवं. मी म्हटलं, आमची घरची भाषा मराठी. त्या म्हणाल्या, मला मराठी येत नाही, तुम्हीच काहीतरी करा. तुम्हीच काहीतरी करा! तेव्हा इतक्या जणांनी मला हे ऐकवलं की कुणी नुसतं "तुम्हीच" म्हटलं तरी माझं डोकं सणकायचं. मी बिनपगारी रजा काढली. त्याहून जास्त काय करायचं असतं ते मला कुणी सांगेना.

ओळखीचा आवाज म्हणजे मावशीचा. आईची थोरली बहीण, होसकोटेला मुलाकडे राहायची. आई तिला अक्का म्हणायची. आईला पहिल्यांदा बोलायला शिकवलं ते म्हणे तिनेच, आजी शेतावर जायची तेव्हा. मावशीचे गुडघे गेलेले, तिला रोज येणं शक्य नव्हतं. म्हणून सुनेने फोन धरायचा आणि मावशीने एकेक शब्द बोलायचा, असं ठरलं. मावशी नटूनथटून बसली. पुढचे दोन दात पडलेले, कपाळावर हे एवढं कुंकू. "पाणी. म्हण बघू गं, पाणी. पा... णी..." पहिला व्हिडिओ आईला दाखवला तेव्हा आईचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. मी तो लगेच परत लावला.

पण आईला फोनमध्ये ते शोधता यायचं नाही. डावा हात धड होता, बोट भलतीकडेच पडायचं. तेव्हा वरच्या मजल्यावरची आमची भाडेकरू मदतीला आली. पुण्याची मुलगी, कंपनीसाठी वेबसाइट बनवते, घरूनच काम करते. आमचं मराठी ऐकून सुरुवातीला तिला हसू आवरायचं नाही. "काकू, तुम्ही 'स्वल्प थांबा' म्हणता ते किती गोड!" मी म्हणायचे, गोड-बिड काही नाही, तू आधी कानडी शिक. तिला कानडीतलं एकच वाक्य यायचं, "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कानडी येत नाही. तेवढ्यावर तिने इथे चार वर्षं काढली. पण मनाची फार चांगली. तिने आईसाठी वेबसाइट केली. एकच पान, त्यावर मोठमोठी चित्रं: पेला, खिडकी, चादर, इडली. टॅब्लेटवर त्या चित्राला बोट लावलं की मावशी बोलायला लागायची.

"पण काकू, व्हिडिओ ठेवायचे कुठे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे काय? तिथेच ना! तर म्हणे नाही, पान एका ठिकाणी असतं, व्हिडिओ जड असतात, ते दुसरीकडे ठेवतात आणि या पानावर नुसते दाखवतात. तिने तीन वाटा सांगितल्या. एक, तिची स्वतःची भाड्याची छोटी जागा आहे, तिथे. दोन, सगळं जग जिथे व्हिडिओ टाकतं त्या फुकटच्या ठिकाणी. तीन, वर्षाचे पैसे भरून मिळणारी जागा, तिथे दुसरं काही मध्ये येत नाही. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी म्हटलं, आपल्या घरचं आहे ते आपल्या जागेत ठेव.

तिने ठेवले. सकाळी चालायचे. संध्याकाळ झाली, गल्लीतले सगळे घरी येऊन आपापले फोन आणि टीव्ही लावून बसले, की संपलं. मावशी म्हणायची "पा..." आणि मध्येच गोल गोल चक्र फिरायला लागायचं. मावशीचं तोंड उघडं. समोर आईचं तोंड उघडं. आई तशीच थांबायची. तिला वाटायचं आपणच चुकलो. अर्धा मिनिट, एक मिनिट ती "पा"चं तोंड करून बसायची, लाळ गळायची, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी. मी टॅब्लेट हलवायचे, आपटायचे, वर जाऊन त्या पोरीवर ओरडायचे. ती बिचारी म्हणायची, काकू, सर्व्हर लहान आहे हो. मी म्हणायचे, मग मोठा आण! असा आठवडा गेला. महत्त्वाच्या महिन्यांतला आठवडा.

मग फुकटच्या ठिकाणी हलवले. तिथे एकदाही अडकले नाहीत, हे कबूल करायला हवं. आणि मावशीची स्वारी तर हवेतच गेली. तिथे किती जणांनी बघितलं त्याचा आकडा दिसतो ना! होसकोटेहून रोज फोन. "बहिणीचं कसं आहे?" हे आधी, आणि लगेच, "माझे किती झाले गं?" आमच्या गोतावळ्यात ही लिंक लग्नपत्रिकेसारखी फिरली. जो तो बघायचा आणि खाली कानडीत लिहायचा, अक्का, छान दिसता. मी ते मावशीला फोनवर वाचून दाखवायचे. कुणीतरी अनोळखी माणसाने तिच्या दातांवरून घाणेरडं लिहिलं, तेव्हा भाडेकरू मुलीने तशी सोय केली की आलेलं प्रत्येक तिच्याकडे आधी थांबेल, तिने हो म्हटल्यावरच दिसेल; कानडी वाचता येत नसलं तरी लिहिणाऱ्याचा फोटो आमच्यातला वाटला की ती हो म्हणायची. मी म्हटलं, सगळं बंदच कर की. मावशी रुसली. "मग मला कोण काय म्हणतंय ते कळणार कसं?" म्हातारपणी कुणी वाखाणलं नसेल तर असं होतं. मी ते चालू ठेवलं.

पण त्या ठिकाणच्या जाहिराती! मावशीच्या आधी कुणीतरी फ्लॅट विकायचं, नंतर कुणीतरी क्रीम विकायचं. एका सकाळी मी कॉफी घेऊन आले, आईने मान वर केली आणि स्वच्छ म्हणाली, "लिमिटेड ऑफर." चार महिन्यांत सरीखेरीज तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी आधी हसले, कॉफी सांडेपर्यंत हसले. मग मला असं रडू फुटलं की आईच घाबरली. पुढचे चार दिवस कॉफी हवी की लिमिटेड ऑफर, मुतायला जायचं की लिमिटेड ऑफर. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. शिवाय व्हिडिओच्या डोक्यावर त्याचं नाव लिहिलेलं असायचं, त्याला बोट लागलं की आमचं पान जाऊन ते फुकटवाल्यांचं सगळं दुकान उघडायचं. दिवसातून पाच वेळा आई तिथे जाऊन हरवायची आणि मी तिला परत आणायचे.

भाडेकरू मुलगी म्हणाली, काकू, आता तिसरीकडे नेऊया, पैसे भरूया, जाहिराती नाहीत, कमेंट नाहीत, कुठे बोट लागून बाहेर जाणं नाही. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. मग मावशीला सांगितलं तर ती बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे माझे बघणारे जातील ना?" आकडा तिकडे नेता येत नव्हता. मी म्हटलं, बघू, महिनाभराने करू. आज करू, उद्या करू. मला दोघींची मनं राखायची होती. अय्यो, मला कुठून ती बुद्धी झाली!

पाच महिन्यांत आई मावशीच्या मागोमाग वीसेक शब्द म्हणायला लागली होती. मावशी "पाणी" म्हणाली की आई "पाणी". पण टॅब्लेट बाजूला ठेवला की परत सरी. थेरपिस्ट बाई म्हणायच्या, मागून म्हणणं वेगळं, स्वतःचं बोलणं वेगळं, मनातलं एकदा तरी बाहेर यायला हवं. मी देवाला म्हणायचे, एकच वाक्य दे. शिवी दे हवं तर.

एका सकाळी होसकोटेहून फोन आला. मावशी पूजेला बसली आणि तिथेच कलंडली. संपलं. भाडेकरू मुलगी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. मी शेजारच्या बाईंना आईजवळ बसवलं, शाळेत काम निघालंय म्हणून सांगितलं. होसकोटेला सगळे जमले होते. मामाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तिला सांगू नकोस, आत्ता कुठे शब्द येतायत, धक्क्याने होतं तेही जाईल. मला वाटलं मीच हे म्हणणार होते. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी तिच्यासमोर बोलायचं नाही, कुणी भेटायलासुद्धा जायचं नाही. मी तिथेच अंघोळ केली, ओले केस दिसतील म्हणून उन्हात उभी राहून वाळवले, आणि मग घरी आले. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शाळेत परीक्षेचं काम होतं, रजेवर असले तरी बोलावलं, काय ती कटकट! आणि तिला मावशीचा "इडली"चा व्हिडिओ लावून दिला.

शेजारणीला सांगितलं नाही. भाडेकरूलाही नाही. ती पोर भाबडी, फोनवर आईशी बोलताना पटकन काहीतरी बोलून जाईल, म्हणून. जितक्या कमी लोकांना माहीत, तितकं बरं.

दर आठवड्याला मावशीचे नवीन शब्द यायचे. ते थांबले. आई बोटाने टॅब्लेट टकटक करून मला विचारायची, कुठे? मी म्हणायचे, अक्काचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. आई मान हलवायची. मावशीच्या व्हिडिओकडे बघून स्वतःच्या गळ्यावर हात ठेवायची. ते मला बघवायचं नाही. मी उठून जायचे.

तेराव्याच्या आसपास भाडेकरू मुलीचा पुण्याहून फोन आला. "काकू, मस्त! मावशींच्या व्हिडिओखाली एकदम पंधरा-वीस कमेंट आल्यात, सगळे हात जोडल्याची चित्रं टाकतायत. मी सगळ्यांना हो केलं." मी दुधाकडे बघत होते, उतू जाईल म्हणून. बरं केलंस म्हटलं आणि फोन ठेवला. मला कळायला हवं होतं. कधी हात जोडतात माणसं? पण कळलं नाही. दूध उतू गेलं नाही, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी आईसाठी नाचणीची आंबील करत होते. आतून मावशीचा आवाज येत होता, "खिडकी. म्हण बघू गं." मग बंद झाला. परत लागेल म्हणून मी वाट बघितली. लागला नाही. आंबील घेऊन गेले तर आईच्या मांडीवर ते फुकटवालं पान उघडलेलं. परत बोट लागलं असणार. वर मावशीचा चेहरा थांबलेला, आणि खाली कानडी अक्षरांच्या ओळी. आईचं डावं बोट एका ओळीखालून सरकत होतं. आजारपणात ती पेपरावरही असंच बोट फिरवायची. आम्हाला वाटायचं चित्रं बघते. ती वाचत होती. पाच महिने ती वाचत होती आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता.

मी ओळी बघितल्या. पहिली मामाचीच. अक्काच्या आत्म्याला शांती मिळो. मग तीच ओळ खाली उतरवून उतरवून सगळ्यांनी. जिने तिने, ज्याने त्याने, ज्यांनी होसकोटेला माझ्यासमोर माना डोलावल्या होत्या त्या सगळ्यांनी. जिथे गेलेल्या माणसाचा फोटो दिसेल तिथे लिहायचं, हे आमच्या लोकांच्या हाडात बसलेलं, त्यांनी लिहिलं. आईसमोर बोलायचं नाही म्हटलं होतं, बोलले नाहीत. आणि ज्या पोरीने ते आत सोडलं तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि मावशी गेली हे मी तिला कळू दिलं नव्हतं. कुणावर ओरडू?

मी टॅब्लेट ओढला. आईने सोडला नाही. त्या एका हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलायला लागले. मावशीचा आवाज नव्हता, कुणी आधी म्हणत नव्हतं. घशातून खरखर आली, परत थांबली, परत आली.

"अक्का," ती म्हणाली.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "हो गं, अक्का. बरी आहे. घसा बसलाय ना तिचा." तेव्हासुद्धा! जीभच तशी वळली होती. तोंडात सगळे शब्द शाबूत असलेली मी, आणि त्यातला एकही खरा निघेना.

"गेली."

"नाही गं आई, काहीतरी काय!"

तिने बोट मामाच्या ओळीवर ठेवलं. मग ते उचललं आणि माझ्यावर रोखलं. तोंड वाकडं झालं, मानेची शीर ताठली. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, आंबील गार झाली.

"तू," ती म्हणाली. "तू... खोटं... बोलतेस."

पूर्ण वाक्य. ती बोलत होती, माझी आई बोलत होती, आणि मला तिचे पाय धरावेत की तोंड लपवावं ते कळेना. मी पाय धरले. तिने धडधाकट होता तो पाय आखडून घेतला.

थेरपिस्ट बाईंना फोनवर सांगितलं तर त्या आनंदाने ओरडल्याच. वाक्य! स्वतःहून! काय म्हणाल्या आजी? मी म्हटलं, आठवत नाही. भाडेकरू मुलगी पुण्याहून आली, तिला सगळं कळलं तेव्हा जिन्यात बसून हमसाहमशी रडली. मी तिला म्हटलं, तुझा काय दोष गं, उठ. तिने एका दिवसात सगळे व्हिडिओ पैसेवाल्या जागी हलवले. आता तिथे जाहिरात नाही, खाली कुणाचं काही नाही, चक्र फिरत नाही. मावशी स्वच्छ दिसते, दात पडलेले तेही. आई ते पान उघडत नाही.

पण ती बोलायला लागली आहे. थोडं थोडं, अडखळत. भाजीवाला फाटकात आला की, "काय भाव?" विचारते. भाडेकरू मुलीशी मावशीबद्दल बोलते, त्यांचं काय चालतं मला ऐकू येत नाही, मी दारात आले की थांबतं. त्या पोरीकडे ती पाणी मागते, चांगलं स्पष्ट, "पाणी दे गं" म्हणून. मी एकटी घरात असले आणि तिला तहान लागली, की ती रिकामा पेला उचलते आणि भिंतीकडे बघत माझ्यापुढे धरते. मी तो भरून आणते. ती पिते, पेला खाली ठेवते, आणि तोंड मिटून घेते.